शेवटल्या क्लबची पहिली निवड

वॉटलब्रूक फुटबॉल क्लबने शेवटचा सामना खेळला त्याला आता एक पिढी उलटली, पण क्लबसाठी नवे खेळाडू निवडायचं काम काही थांबलेलं नाही. दर नोव्हेंबरात, खऱ्या क्लबांचा ड्राफ्ट व्हायच्या आधीच्या रविवारी, ग्लेनिस ट्रँटरच्या मागच्या व्हरांड्यात ते चालतं. सुरुवातीला तिथे खुर्च्या पुरत नसत. लोक पायरीवर, उलट्या बादलीवर, लिंबाच्या झाडाखाली बसायचे आणि तिथून ओरडायचे. आता तिघंच उरलीत: ग्लेनिस, हॉरी आणि मनोली. खुर्च्या मात्र तिने एकही कमी केलेली नाही. क्लब बंद पडला म्हणून सामान फेकून द्यायचं नसतं, असं तिचं म्हणणं.

खरे क्लब ड्राफ्टमध्ये अठरा वर्षांची पोरं पाळीपाळीने उचलतात. जो मोसमात सगळ्यात शेवटी आला, त्याला पहिली निवड, म्हणजे तो पुढच्या वर्षी तरी जरा वर येईल. आता वॉटलब्रूक एकही सामना खेळत नाही, म्हणजे एकही जिंकत नाही, म्हणजे दर वर्षी शेवटचा येतो. तेव्हा देशातल्या सगळ्यात भारी पोरावर पहिला हक्क वॉटलब्रूकचा. ही अक्कल क्लेमची. क्लेम म्हणजे ग्लेनिसचा नवरा, आणि हा सगळा उद्योग त्याचाच. तोंड असं गंभीर करून तो हे समजावायचा की नव्या माणसाला वाटावं, लीगच्या ऑफिसातून तसं कळवलेलंच आहे.

नियमही त्याचेच. वर्षाला एकच पोरगा निवडायचा. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय उठायचं नाही. आणि घरचा, शेजारचा, ओळखीचा म्हणून कोणाचं नाव पुढे करायचं नाही. काही लिहून ठेवायची गरज नव्हती, कारण सगळं हॉरीच्या डोक्यात असायचं. हॉरीने उभा जन्म मटणाच्या दुकानात काढला, पण गिऱ्हाइकाला काय हवंय ते विसरून तो त्याला एखाद्या जुन्या सामन्याचा तिसरा डाव ऐकवायचा. आजही त्याला विचारा, तो आपली सगळी टीम जागेवारी म्हणून दाखवील आणि शेवटी म्हणेल, "ही पोरं मैदानात उतरली ना, तर समोरचे बसमधून खालीच उतरायचे नाहीत." आता इतकी वर्षं पहिली निवड आपली म्हटल्यावर टीम भारी असणारच, यात त्याचं काय कौतुक! पण त्याला कोण सांगणार?

खरा क्लब काही इतका भारी नव्हता. तो बहुतेक वेळा हरायचा. पण शनिवारी दुपारी ट्राममधून उतरलं की कोपऱ्यावरच खेळाडूंच्या अंगाला चोळलेल्या निलगिरीच्या तेलाचा आणि तळलेल्या बटाट्यांचा वास एकदम नाकात शिरायचा, आणि ग्लेनिसला वाटायचं, आता आठवडा सुरू झाला. मैदानाच्या कडेला टिटव्या अंडी घालायच्या. त्यांच्याभोवती माळी दोरी बांधून ठेवायचा आणि चेंडू हातांनी झेलत, पायांनी मारत दोन्ही टीमची मिळून छत्तीस धिप्पाड माणसं त्या दोरीला वळसा घालून पळायची. क्लबचं नावही टिटव्याच पडलं होतं. दर गुरुवारी संध्याकाळी ग्लेनिस आणि आणखी दहाबारा जणी शाळेच्या हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून पताकेच्या कागदाचा भलामोठा पडदा चिकटवायच्या. शनिवारी खेळाडू तो फाडून मैदानात धावत यायचे. तीन तास खपून केलेलं काम डोळ्यांदेखत फाटायचं आणि फाटलं की आपणच टाळ्या पिटायच्या. ग्लेनिसला त्या फाटण्याच्या आवाजाची अजून आठवण येते. कधीकधी दुपारी ती नुसती बसलेली असते आणि तो आवाज आठवून तिला रडू येतं. यात लाजण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नाही.

मग एका हिवाळ्यात टाय लावलेल्या काही माणसांनी क्लब उत्तरेकडच्या एका क्लबात मिसळून टाकला. तिकडे इतकं ऊन की पोरं हिवाळ्यातही समुद्रात डुंबतात. "तिकडच्यांनाच पाठिंबा द्या, रंग थोडेफार तेच आहेत," असं ती माणसं म्हणाली. मनोलीने त्यांना जे सांगितलं ते इथे देता येणार नाही. मनोली लहानपणी ग्रीसमधल्या बेटावरून आला. पुढे ट्रामच्या नाक्यावर त्याचं तळलेल्या माशांचं दुकान झालं. इंग्रजी तो वर्गात कमी आणि मैदानाच्या कठड्यापाशी जास्त शिकला. त्यामुळे पहिली दोनतीन वर्षं त्याला पंचांना घालायच्या शिव्या तेवढ्या चांगल्या यायच्या.

तर असा हा व्हरांडा. इथे सगळे हसत यायचे आणि हसत जायचे. अपवाद फक्त एकाचा.

ग्लेनिसचा मुलगा ब्रेट. क्लब बंद पडला त्यानंतर दोन वर्षांनी तो अठरा वर्षांचा झाला. रुंद खांद्यांचा, डावखुऱ्या पायाचा, अंगाने चांगला मजबूत. त्या वर्षी ड्राफ्टसाठी त्यानेही नाव दिलं होतं. नोव्हेंबरच्या त्या रविवारी व्हरांडा भरला होता आणि ब्रेट स्वयंपाकघरातून गरम सॉसेज रोलचं ताट घेऊन येत होता. हॉरी सहज म्हणाला, "अरे, आपला ब्रेट का नको?" क्लेमने मान वर न करता सांगितलं, "ब्रेट? तो पहिल्या निवडीचा पोरगा नाही. पुढचं नाव घ्या." लोक हसले. वाईट मनाने नाही, नुसतेच हसले. जाळीच्या दारापाशी उभ्या असलेल्या ब्रेटने ताट टेबलावर ठेवलं, सॉसची बाटली शेजारी ठेवली आणि आत गेला. नंतर क्लेम टास्मानियातल्या एका पोरासाठी अंधार पडेपर्यंत भांडला. त्या पोराला त्याने फक्त टीव्हीवर पाहिलं होतं.

खऱ्या ड्राफ्टमध्येही ब्रेटचं नाव कोणी घेतलं नाही. जानेवारीत तो कालगुर्लीच्या खाणींवर कामाला गेला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिकडचाच झाला. आईला दर रविवारी फोन करायचा. बाप फोनवर आला की हवापाण्याचं बोलायचा. ज्या क्लबांनी त्याला घेतलं नाही त्यांच्याविषयी त्याच्या मनात काही नव्हतं, त्यांचे सामने तो मजेत बघायचा. राग होता तो एकाच क्लबवर, आणि तो क्लब तर नव्हताच. तीन वर्षांपूर्वी क्लेम गेला तेव्हा ब्रेट आला, शवपेटीला खांदा दिला आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने परत गेला. व्हरांड्यात त्याने पाऊल ठेवलं नाही. ग्लेनिसला तेव्हापासून क्लेमचा राग येतो. मेलेल्या माणसावर रागावणं म्हणजे मोठं संकट, कारण तो उलटून बोलत नाही.

आणि या वर्षी डार्सी अठरा वर्षांचा झाला. डार्सी म्हणजे ब्रेटचा मुलगा. त्यानेही ड्राफ्टला नाव दिलं होतं. इथल्याच एका क्लबाने त्याला मुलाखतीला बोलावलं होतं, नेमकं त्याच रविवारी. तेव्हा ब्रेट पोराला घेऊन येणार होता, त्याला क्लबवर सोडून आईकडे थांबणार होता आणि झालं की त्याला घ्यायला जाणार होता. हे फोनवर कळलं आणि ग्लेनिसच्या मनात एक बेत शिजला.

रविवारी सकाळीच तिने हॉरीला फोन लावला.

"हॉरी, आज डार्सी."

"कोण डार्सी?"

"माझा नातू. दुसरा कोण?"

मग हॉरी चाचरत म्हणाला, "अगं पण ग्लेनिस, यंदा तो हेन्शॉ आहे ना. असा पोरगा दहा वर्षांत एकदा..."

"हेन्शॉला आई आहे. ती बघेल त्याचं. तुझं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा सूप कोण आणून देत होतं?"

"तू."

"मग?"

"आणि क्लेमचा नियम? घरचा म्हणून..."

"क्लेम मेला," ग्लेनिस म्हणाली. "आणि हे बघ, एकदम हो म्हणून मोकळे होऊ नका. ब्रेट समोर असेल. थोडं भांडा, खरं वाटलं पाहिजे. मनोलीलाही सांगते."

क्लबच्या इतिहासातली ही पहिली लबाडी. आणि तीत चूक झाली ती तिथेच. ग्लेनिसने त्या दोघांना भांडायला सांगितलं.

दुपारी ब्रेट आला. अंगाने सुटला होता, मान उन्हाने तांबडी झालेली, केसांत पांढरं. आईला मिठी मारताना तो वाकला तेव्हा त्याच्या गुडघ्याने कटकन आवाज केला. आत टेबलापाशी बसून चहा पिऊ, असं त्याने दोनदा सुचवलं. ग्लेनिस म्हणाली, "आत गरम होतंय," आणि त्याच्या हातात रोलचं ताट देऊन त्याला सरळ बाहेर घेऊन गेली. बाहेर वाळवंटावरून येणारं उत्तरेचं वारं सुटलं होतं, भट्टीचं दार उघडल्यासारखं. खरं तर आतच गार होतं.

"ये रे पोरा!" हॉरी उठायचा प्रयत्न करत ओरडला. "बस. एवढ्या खुर्च्या आहेत."

"इथे बरंय, हॉरीकाका," म्हणून ब्रेट पायरीवर बसला. मोबाइल शेजारी ठेवला. "डार्सीचा फोन आला की मला निघायचंय."

हॉरीने घसा साफ केला. शाळेतल्या नाटकात पहिलं वाक्य म्हणणाऱ्या पोरासारखा तो ताठ बसला आणि समोरच्या लिंबाच्या झाडाला उद्देशून म्हणाला, "मला असं वाटतं, की या वर्षी, डार्सी ट्रँटर या मुलाचा विचार व्हावा."

"अगदी बरोबर!" मनोली म्हणाला. "माझंही तेच!"

ग्लेनिसने टेबलाखालून मनोलीच्या नडगीवर लाथ मारली.

"म्हणजे," मनोली नडगी चोळत म्हणाला, "तसं कोणी म्हणेल, की हेन्शॉ आहे."

"म्हणेल कोणी," हॉरी म्हणाला.

"दोन मीटर उंच आहे," हॉरीच पुढे म्हणाला.

"दोन मीटरच्या वर. आणि वळतो कसा! एवढा उंच माणूस वळायला लागला की ट्राम वळल्यासारखं वाटतं. हा वळतो ते कळतसुद्धा नाही."

"वळतो ते सोड, त्याचे झेल बघ. अॅडलेडच्या त्या सामन्यात तीन माणसं त्याच्या अंगावर होती, तीन! एकाचा गुडघा याच्या पाठीत. तरी चेंडू कुणाच्या हातात?"

"पण गोलवर मारायला चेंडू हातातून सोडताना हात थरथरतात त्याचे."

"थरथरतात? तुझे थरथरतात, म्हाताऱ्या! काल माझ्या चहात साखर घालताना अर्धी टेबलावर सांडलीस!"

"मी काय म्हणतो," मनोली म्हणाला, "उंच पोरं खूप झाली आपल्याकडे. पुढे कोण खेळणार? तो वँगरॅटा गावचा बाल्दासो घे. तो चेंडूलाच विचारतो, बाबा रे, तू पडणार कुठे? आणि आधी जाऊन उभा राहतो."

"बाल्दासो! तो पावसात पूर्ण भिजला तरी साठ किलो भरायचा नाही. वारा आला तर पंचांनी धरून ठेवायचा का त्याला?"

"तुझ्या दुकानातलं मटण खाल्लं असतं तर भरला असता ऐंशी. निम्मी चरबीच असायची."

"आणि तुझ्या माशाला मासा म्हणायचे, ते लोक भले म्हणून!"

दोघेही खुर्चीत पुढे सरकले होते. हॉरीचे कान लाल झाले होते. सूप, सकाळचा फोन, ग्लेनिसची लाथ, सगळं वाऱ्यावर गेलं. कितीतरी महिने ते शनिवार-रविवार अठरा वर्षांच्या पोरांचे सामने बघत कठड्याला टेकून उभे राहिले होते, आणि ते काय लबाडी करायला? ग्लेनिस त्यांच्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर हेन्शॉबद्दल तिलाही बरंच बोलायचं होतं.

शेवटी ती मोठ्याने म्हणाली, "आणि डार्सी?"

हॉरीने रोल उचलला आणि परत ठेवला.

"डार्सी," मनोली म्हणाला, "चांगला आहे. मन लावून खेळतो."

ग्लेनिसने डोळे मिटले. या व्हरांड्यात "मन लावून खेळतो" कधी म्हणतात ते तिथल्या मांजरालाही माहीत होतं. ज्याला खेळता येत नाही पण ज्याच्या आईला वाईट वाटू नये असं वाटतं, तो मन लावून खेळतो.

पायरीवरून हसल्याचा आवाज आला. ब्रेट हसत होता, पण त्या हसण्यात काही मजा नव्हती.

"आई, हे ठरवून चाललंय ना?"

"काय ठरवून?" ग्लेनिस म्हणाली.

"आई."

"बरं, हो. ठरवून. मी सांगितलं त्यांना. त्यात काय झालं? नातू आहे माझा."

"आणि हे दोघे तयार झाले?"

"सूपसाठी," हॉरी खाली बघत म्हणाला.

ब्रेटने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "डार्सी पहिल्या निवडीचा पोरगा नाही, आई. त्यालाही माहीत आहे. शेवटी शेवटी कोणी घेतलं तर आम्ही दोघं घरी नाचू. उद्या त्याला कळलं की आजीने मित्रांना दम देऊन आपलं नाव घालून घेतलं, तर तो काय म्हणेल?"

"मी तुझ्यासाठी केलं हे," ग्लेनिस म्हणाली. "त्याच्यासाठी नाही. तुझा बाप तुला इथे जे बोलला ना, त्याच्यासाठी. मला ते धुऊन काढायचं होतं. इतकी वर्षं तू या व्हरांड्यात आला नाहीस, ब्रेट. मी खुर्च्या पुसून ठेवते. कुणासाठी पुसते? हे दोघं बसतात आपापल्या खुर्चीत. बाकीच्या कुणासाठी?"

मनोलीने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

ब्रेट सावकाश बोलू लागला.

"बाबा बोलले ते खोटं नव्हतं. मी पहिल्या निवडीचा नव्हतो. पन्नासावाही नव्हतो. मला तेव्हाच ठाऊक होतं. मला ते नाही लागलं, आई. त्या टास्मानियाच्या पोरासाठी बाबा अंधार पडेपर्यंत भांडले. मी आत पलंगावर पडून ऐकत होतो. त्याचा डावा पाय, उजवा पाय, त्याची धाव, त्याच्या चुका, एकेक गोष्ट काढून. कोण कुठला पोरगा! आणि माझं एका वाक्यात आटोपलं. नाही म्हणायचं होतं तर म्हणायचं ना, पण निदान वाद तरी घालायचा. माझ्यावर कोणी पाच मिनिटंसुद्धा भांडलं नाही."

ग्लेनिसला वाटलं, आपल्याला कोणीतरी खुर्चीतून उठवून परत बसवलंय. इतकी वर्षं ती चुकीच्या जागी फुंकर घालत होती. तिला वाटत होतं, पोराला हो हवं होतं. आणि हा तर नुसतं भांडण मागत होता. या घरात जे भांडण रस्त्यावरच्या कुणालाही फुकट मिळायचं, ते.

सगळ्यात आधी हॉरी बोलला. त्याचा आवाज आता नाटकातला नव्हता.

"त्या वर्षी ब्रेटच्या टीमचा नदीपलीकडच्यांशी सामना होता, जूनमध्ये. चिखल एवढा, की बूट कुणाचा ते कळत नव्हतं. शेवटच्या डावात हा मागे खेळत होता. त्यांचा तो लाल केसांचा राक्षस सुटला आणि याने त्याला पाठीमागून गाठून लोळवला. चेंडू काढून घेतला आणि पन्नास मीटर लांब मारला. मी तिथे होतो. मी ओरडलो, हा पोरगा आपल्याला पाहिजे!"

"कुठल्या पायाने मारला?" मनोलीने विचारलं.

"डाव्या."

"डाव्याच! उजवा पाय याला होता कुठे? उजवा पाय याने फक्त मोजा घालायला ठेवला होता."

ब्रेटची मान वर आली. "मनोलीकाका, उजव्या पायाने मी गोल केलेत."

"किती?"

"केलेत."

"किती ते सांग."

"एक केला होता त्या—" मैदानाचं नाव त्याला आठवेना. "त्या रेल्वे यार्डाशेजारच्या मैदानावर. कोपऱ्यातून. तीस मीटरवरून!"

"तो घसरून लागला होता!" मनोली टेबलावर हात आपटत म्हणाला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिला! तू डाव्याने मारायला गेलास, पाय सटकला आणि चेंडू उजव्या नडगीला लागून आत गेला. तुझा तू चकित झालास!"

"सटकला? अहो, तो मी..." ब्रेट उठला, एक खुर्ची ओढली आणि मनोलीच्या समोर बसला. ती खुर्ची क्लेमची होती की आणखी कुणाची, हे त्याने पाहिलं नाही आणि ग्लेनिसनेही सांगितलं नाही.

"थांबा," ग्लेनिस म्हणाली. "आधी यंदाचं उरकून घ्या. हेन्शॉ?"

"हेन्शॉ," हॉरी म्हणाला.

"हेन्शॉ," मनोली म्हणाला. "बाल्दासोला सोडलं म्हणून पुढे पस्तावू, पण हेन्शॉ."

"हेन्शॉच," ब्रेट म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

देशातला सगळ्यात भारी पोरगा अशा रीतीने एका दमात निवडला गेला. क्लबच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. मग ग्लेनिस पुढे सरकली, पदर खोचल्यासारख्या बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "आता अठ्ठ्याण्णव सालचं. ब्रेट ट्रँटर. हॉरी त्याच्या बाजूने. मनोली?"

"विरुद्ध," मनोली म्हणाला. "खोटंच बोलायचं असतं तर मघाशी डार्सीबद्दल बोललो असतो."

"आणि क्लेमची बाजू मी मांडते."

ब्रेटने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"त्याने मांडायला पाहिजे होती, नाही मांडली. तर मी मांडते," ग्लेनिस म्हणाली. "क्लेमही विरुद्ध आहे. पोरगा वळायला हळू. एकदा निघाला की निघाला, मग समोर भिंत आली तरी तसाच जातो. सराव कंटाळा येईपर्यंत करतो, पण ज्याचा कंटाळा येतो तोच सराव जास्त पाहिजे, हे याला कधी पटलं नाही. चेंडू नसताना उभा राहतो, कमरेवर हात ठेवून. लहानपणापासून. मी बाहेरून ओरडायचे, हात खाली घे! पण घाबरत नाही. हे क्लेमलाही मान्य आहे. समोर कोणीही असू दे, हा मान वळवत नाही. एकदा याचं नाक फुटलं होतं, याने रक्त गिळलं आणि परत जाऊन उभा राहिला. आम्ही दोघं कठड्यापाशी होतो आणि क्लेमने माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बोटातली अंगठी रुतली. बोलला काही नाही. तो मेला बोलायचाच नाही, जिथे बोलायचं तिथे."

"कमरेवर हात?" ब्रेट ताडकन उठत म्हणाला. "कधी? आई, मी एकदाही..."

"आत्ता बघ कुठे आहेत!" हॉरी ओरडला.

सगळे बघायला लागले. ब्रेटने हात कमरेवरून काढले आणि मोठ्याने हसला. या वेळी खरोखर. मग तो मनोलीकडे वळला आणि चिखल, वारा, रेल्वे यार्डाकडचा उतार असं सगळं काढून त्याने आपल्या उजव्या पायाची वकिली सुरू केली. मनोलीने रोल आणि सॉसची बाटली घेऊन टेबलावर मैदान मांडलं. हॉरीने बाटली हलवली, कारण गोलपोस्ट तिथे नव्हते. ग्लेनिसने ती परत हलवली. आपण कोणाच्या बाजूने बोलतोय हे मधूनच ती विसरायची आणि ब्रेटच तिला आठवण करून द्यायचा, "आई, तू बाबा आहेस, बाबा!"

सावली लिंबाच्या झाडावरून कुंपणावर गेली तेव्हा पायरीवरचा मोबाइल वाजला. दोनदा वाजून थांबला, परत वाजला. ब्रेटने एका हाताने मनोलीला गप्प बसायची खूण केली आणि दुसऱ्याने फोन उचलला.

"हां, डार्सी. झालं? कसं झालं? ... बरं. ... बरं, छान. ... नाही रे बाळा, मी नाही येऊ शकत आत्ता. टॅक्सी कर आणि आजीकडे ये." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ब्रेटने टेबलाभोवतीच्या तिघांकडे पाहिलं. हॉरी दम खात होता. मनोलीची टोपी तिरकी झाली होती. आई बाह्या वर करून बाटली हातात धरून बसली होती.

"मला कसं येता येईल?" तो म्हणाला. "इथे माझ्यावर भांडण चाललंय."

ग्लेनिस आणखी रोल ओव्हनमध्ये टाकायच्या निमित्ताने आत गेली. जाळीच्या दाराआड उभी राहून ती तोंडावर फडकं धरून रडली. बाहेर मनोली ओरडत होता, "नडगी! नडगीला लागला तो!" आणि त्याच्याहून मोठ्या आवाजात तिचा मुलगा ओरडत होता.